मांजराचे केस कापून शिंका थांबणार नाहीत

ताई, मुलीला सकाळी उठल्याउठल्या शिंका येतात म्हणून मांजराचे केस कापून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून तसं करू नका. त्रास केसांचा नसतो. मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या ग्रंथींत एक प्रथिन असतं, ॲलर्जी त्याची असते; मांजर अंग चाटतं तेव्हा ते सगळीकडे लागतं आणि कोंड्याबरोबर हवेत तरंगतं. मांजर दुसऱ्या कुणाला दिलं तरी गाद्या-सोफ्यात ते कित्येक महिने टिकून राहतं.

आमच्याकडे खरा फरक पडला तो झोपायच्या खोलीमुळे. मनीला तिथे पूर्ण मज्जाव. पहिले चार-पाच दिवस ती दाराशी बसून फळी ओरबाडायची, फार वाईट वाटायचं. पण लेकाचं नाक चोंदून तोंड उघडं टाकून झोपणं हळूहळू थांबलं. अभ्रे-चादरी दर रविवारी ६० अंशांच्या पाण्यात (धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडेही त्याने मरतात), आणि कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं.

पावसाळा सरता सरता त्रास वाढत असेल तर मात्र मांजरावर सगळं ढकलू नका. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुललंय का बघा, त्याच्या परागांनीही शिंका येतात. बाहेरून आल्यावर तोंड धुऊन कपडे बदलायला लावा. मिठाच्या पाण्याने नाक धुणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, थेट नळाचं कधीच नाही.

छातीत घरघर ऐकू आली तर हे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.