दोन दिवसांच्या शिबिरातून 'गुरो' ही पदवी घ्यावी का?

प्रश्न : चाळीसगावची शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी चाळीसगावात गेली अकरा वर्षे मुलींना कराटे शिकवते. दीड वर्षापूर्वी पुण्यात पाच दिवसांच्या एका वर्गात मी फिलिपिन्सची काठी, म्हणजे अर्निस, शिकले आणि परत आल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी तिचा सराव सुरू केला. दोन्ही हातांत काठी घेऊन करायचा सिनावाली हा प्रकार मुलींना फार आवडला असून, ज्या मुली कराटेला कंटाळून गैरहजर राहू लागल्या होत्या त्याही आता वेळेआधी येऊन थांबतात. काठ्या मी बाजारातील बांबूच्या कापून घेतल्या आहेत.

आता एका संस्थेचे पत्र आले आहे. दोन दिवसांच्या शिबिरानंतर 'गुरो' ही पदवी आणि प्रमाणपत्र मिळेल, शिवाय अधिक शुल्क भरल्यास काळा पट्टाही मिळेल, असे त्यात लिहिले आहे. शुल्क माझ्या एका महिन्याच्या मिळकतीहून जास्त आहे. तरीही मन डळमळते, कारण चौकटीतले प्रमाणपत्र भिंतीवर दिसले की पालक मुलीला निर्धास्तपणे पाठवतात, हे मी अनुभवाने जाणते.

मला जाणून घ्यायचे आहे की 'गुरो' ही पदवी खरोखर कोण देते आणि तिचा अर्थ काय. दुसरे असे की, पट्टे आणि कराटेसारखा पांढरा पोशाख ही अर्निसमधील भेसळ आहे, असे एका परिचितांनी मला सुनावले. ते कितपत खरे आहे? आणि एका मुलीचे वडील, जे स्वतः लाठी फिरवतात, ते विचारतात की घरची काठी असताना परक्या देशाची कशाला. त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला सुचलेले नाही.

उत्तर : अमळनेरचा दर्यावर्दी

ताई, नमस्कार. मी मूळचा अमळनेरचा. व्यापारी जहाजांवर फिटर आहे. आमच्या जहाजावरचा बोसन, ज्याला आपले जुने खलाशी सारंग म्हणत, तो फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरचा होता. त्याने दोन करारांत मिळून सुमारे सोळा महिने मला रोज संध्याकाळी डेकवर काठी शिकवली, आणि त्यासाठी एक पैसाही घेतला नाही. म्हणून आपल्या पत्राचा मजकूर वाचून मला मनापासून वाईट वाटले.

'गुरो' हा आपलाच 'गुरु' आहे. संस्कृतातून मलय भाषेत आणि तिथून फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत गेलेला. त्या भाषेत त्याचा साधा अर्थ शिक्षक असा आहे. प्राथमिक शाळेत पाढे शिकवणारी बाईसुद्धा गुरोच. त्यामुळे मुलींनी आपल्याला गुरो म्हटले तर त्यात काहीच खोटे नाही. पदवी म्हणून मात्र हा शब्द ज्या-त्या परंपरेत वेगळ्या वजनाने वापरला जातो. काही ठिकाणी गुरोच्या वर 'पुनोंग गुरो', म्हणजे प्रमुख शिक्षक, असतो. पेकिती तिर्सिया या परंपरेत सर्वांत वरच्या पदाला 'तुहोन' म्हणतात, आणि इतर ठिकाणी स्पॅनिशमधला 'माएस्त्रो' किंवा इंग्रजीतला 'ग्रँडमास्टर' चालतो. या सगळ्यांचे माप एकच नाही. एखाद्या गुरोच्या शब्दामागे किती वर्षे आहेत हे कळण्यासाठी त्याला कोणी शिकवले आणि किती काळ शिकवले, एवढेच विचारावे लागते. जुन्या पिढीतल्या कित्येकांना तर नात्याचेच नाव होते. आंतोनियो इलुस्त्रिसिमो (1904–1997) यांना सारे 'तातांग', म्हणजे बाबा, म्हणत. आमच्या बोसनला आम्ही 'मानोंग', म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचो, जसे आपल्याकडे दादा किंवा आबा म्हणतात.

भेसळीविषयी सांगायचे तर, ज्याला तिथे मूळ म्हणतात त्यातही बाहेरचे पुष्कळ आहे. अर्निसचेच दुसरे नाव 'एस्क्रिमा', ते तलवारबाजीसाठीच्या 'एस्ग्रिमा' या स्पॅनिश शब्दावरून आले. स्पेनची सत्ता तिथे 1565 पासून 1898 पर्यंत होती. बोसन वार मोजायचा तो उनो, दोस, त्रेस असा, आणि मनगटातून पंख्यासारख्या फिरणाऱ्या वाराला 'अबानिको', म्हणजे पंखाच, म्हणायचा. सेबूत 1932 साली स्थापन झालेल्या 'दोसे पारेस' या मंडळाचे नाव युरोपातल्या शार्लमेन राजाच्या बारा सरदारांवरून आहे. त्याच मंडळातील काकोय कान्येते यांनी पुढे काठीत ज्युदो आणि जुजुत्सूचे डाव मिसळून 'एस्क्रिदो' हा प्रकार बसवला.

पट्टे त्या मानाने अलीकडचे आहेत. नेग्रोस बेटावर 1936 साली जन्मलेल्या रेमी प्रेसास यांनी ज्युदो आणि कराटेही आत्मसात केले होते, आणि 'मॉडर्न अर्निस' उभे करताना त्यांनी पट्टे व पोशाख तिथून घेतले. मात्र काळ्या पट्ट्याच्या पुरुषाला 'लाकान' आणि स्त्रीला 'दायांग' असे जुने, राजघराण्यांतले देशी शब्द त्यांनी ठेवले. मारणाऱ्याच्या हातावर काठी हाणण्याची जुनी पद्धत सरावापुरती बाजूला ठेवून काठीवर काठी घेण्याची रीत त्यांनी रूढ केली, कारण पहिल्याच आठवड्यात बोटे सुजली की विद्यार्थी परत येत नसत. आपल्या मुली आनंदाने वेळेआधी येतात, त्यामागे याही बदलाचा वाटा आहे. आणि ताई, कराटेचा पट्टासुद्धा मूळचा कराटेचा नाही. तो ज्युदोचा, कराटेचे शिक्षक फुनाकोशी यांनी 1924 मध्ये तो कराटेत आणला. तेव्हा पट्ट्यामुळे अर्निस बाटते, असे मला वाटत नाही.

मला खरी काळजी वाटते ती कराटेच्या एका सवयीची. कराटेत एक हात मारतो तेव्हा दुसरा कमरेशी खेचला जातो, आणि अकरा वर्षांच्या सरावाने तो आपोआप जात असणार. एका काठीच्या सरावात तो रिकामा हात छातीसमोर हवा, कारण समोरच्याचे मनगट दाबणे, काठी अडवणे किंवा हिसकावणे ही सगळी कामे त्याचीच असतात. माझाही तो हात असाच खाली जायचा, ती सवय मोडायला बोसनला चार महिने लागले. डावा हात खाली गेला की तो काहीही न बोलता त्या बाजूने हळूच टोचायचा. तसेच, कराटेतील लांब पवित्र्यात पुढचा पाय जखडल्यासारखा होतो आणि काठीच्या टप्प्यात तो गुडघा पहिला सापडतो. पावले त्रिकोणाच्या रेषांवर, आखूड टाकावीत. दोन दिवसांच्या शिबिरात या गोष्टी कानावर पडतील, पण अंगात उतरणार नाहीत.

उत्तर : धुळ्याचा जुना लाठीवाला

ताईंना आणि अमळनेरच्या भाऊंना नमस्कार. माझे वय आता पासष्ट आहे. लाठी, बनाटी आणि फरी-गदगा, म्हणजे ढाल-काठी, मी तालमीत शिकलो. भाऊंचे बहुतेक सगळे पटले, परंतु पट्ट्याबाबत त्यांनी जरा सैल सोडले आहे असे मला वाटते. पट्टा बाहेरून आला याला माझीही हरकत नाही, मात्र तो विकत मिळू लागला की तालमीतली उतरंड ढासळते. ज्या मुलीने दोन वर्षे घाम गाळला तिच्या शेजारी दोन दिवसांचा काळा पट्टा उभा राहिला तर ती मुलगी गप्प राहील, पण तिच्या मनातून सराव उतरेल.

आमच्याकडे शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात आणि तो शब्द फारसीतल्या उस्तादचा आहे. त्याने आमची तालीम कधी परकी झाली नाही. वस्तादपण कुणी कागदावर देत नसे. म्हातारे वस्ताद थकले की एके दिवशी एखाद्याला म्हणत, 'आज पोरांना तू घे,' आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणत. असे महिनोन्महिने चालले म्हणजे गावाला आपोआप कळे. माझ्या बाबतीत हे सुरू झाले तेव्हा तालमीत जाऊन मला नऊ वर्षे झाली होती.

लाठी फिरवणाऱ्या त्या वडिलांना माझ्या वतीने एवढेच सांगा की मराठ्यांची 'फिरंग' ही तलवार नावाप्रमाणेच फिरंग्यांची होती. पाते युरोपातून यायचे आणि मूठ आपल्याकडे बसवली जायची, तरी ती तलवार आपली म्हणूनच चालली. मात्र दोन्ही काठ्या एकाच तासात शिकवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. आपली लाठी माणसाच्या उंचीजवळ जाणारी. ती दोन्ही हातांनी, खांदा आणि कंबर मोकळी सोडून, आपल्याभोवतीचे रिंगण राखण्यासाठी फिरते. अर्निसची काठी हाताएवढी. ती मनगटावर चालते आणि एका माणसाला जवळून भिडते. एकाच संध्याकाळी दोन्ही केले की मुलीचे मनगट आणि खांदा एकमेकांत गोंधळतात. त्या वडिलांनाच रविवारी सकाळी लाठी शिकवायला बोलवा.

चाळीसगावची शिक्षिका

आबा आणि दादा, दोघांचीही मी ऋणी आहे. कमरेशी जाणाऱ्या हाताचे वाचून मी काल वर्गात मुद्दाम पाहिले, तर बावीसपैकी एकोणीस मुलींचा हात खाली जात होता, आणि माझाही जात होता. शिबिराला नकार कळवला आहे. पालकांसाठी फलकावर आता एवढेच लिहिले आहे की कराटे अकरा वर्षे आणि अर्निस दीड वर्ष, त्यातील शिक्षकासमोरचे पाच दिवस. लिहिताना हात अडखळला, पण लिहिले. लाठीवाल्या वडिलांना निरोप दिला असून ते रविवारी येणार आहेत. दादा, त्या डाव्या हातासाठी काही विशेष सराव होता का?

अमळनेरचा दर्यावर्दी

ताई, दोन महिने फक्त एक काठी घ्या आणि सिनावाली थोडी मागे ठेवा, कारण दोन काठ्यांत रिकामा हातच उरत नाही. मुलींना डाव्या तळहाताखाली, छातीशी, एक रुमाल धरायला सांगा. रुमाल पडला की हात गेला, हे त्यांचे त्यांनाच कळते. शिक्षकाने आधी सावकाश आणि ठरलेल्या क्रमाने वार द्यावेत, आणि मुलीचा श्वास स्थिर झाला की क्रम मोडावा. बोसनने पहिले दोन महिने मला पाच वारांपलीकडे जाऊच दिले नाही.

मात्र त्याआधी त्या बांबूच्या काठ्या बदला. बांबू पोकळ असतो आणि आपटून उभा चिरतो. त्याची कपची सुरीसारखी धारदार असते आणि ती डोळ्याच्या उंचीवर उडते. त्यासाठी वेत घ्यावा, कारण तो आतून भरीव असतो आणि फुटला तरी त्याचे नुसते तंतू सुटतात. लांबी साधारण 28 इंच, म्हणजे 71 सेंटीमीटर, ठेवा. लहान मुलींना काखेपासून मनगटापर्यंत मापून थोडी आखूड द्या. तंतू सुटू लागले की चिकटपट्टी गुंडाळा, आणि दाबल्यावर काठी मऊ लागली की ती बाजूला काढा. वेत मिळेपर्यंत काठीवर काठी मारू नका, हवेतलेच वार करून घ्या.