रेसिपींची वही आहेरात देणं हा कंजूसपणा?

वेंगुर्लेकर: काल इथे एकाने लिहिलं, ‘लग्नात हाताने लिहिलेली रेसिपींची वही देणं म्हणजे पाकीट वाचवायचे धंदे. यूट्यूबवर सगळं आहे.’ वाचून डोकंच फिरलं. माझ्या भाचीला मावशीने दिलेली वही मी पाहिली आहे. सोलकढीखाली ठळक लिहिलंय: ‘आगळात मीठ असतंच, वरून घालू नकोस.’ (आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस.) जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणून सुक्या बांगड्याची किसमूर (खोबरं घालून केलेली कोशिंबीर), सुकट घालून आठळ्या (फणसाच्या बिया), अशी वेगळी पानं. तिला काय जमतं, काय जमत नाही, ते ओळखून लिहिलंय. कुठला व्हिडिओ हे करतो?

गुहागरची सून: मलाही सासूबाईंनी अशी वही दिली होती. ‘मीठ अंदाजाने’, ‘वाटप (म्हणजे वाटलेलं खोबरं-मसाला) नेहमीसारखं’. नव्या सुनेला नेहमीचं काय ते कसं कळणार? आणि वही मुलीलाच का? माझ्या दिराला लग्नात घड्याळ मिळालं.

वेंगुर्लेकर: मावशीची वही तशी नाही. बांगड्याच्या तिखल्याला, म्हणजे तिखट रशाला, ‘तिरफळं आठ-दहा, वाटपात वाटून’ असं मोजून लिहिलंय. (तिरफळ म्हणजे माशांत घालतात तो उग्र वासाचा फळाचा मसाला.)

देवगडी: वाटपात?? आमची आये सांगायची, ‘तिरफळां वाटूची नसतत, ठेचून सोडूची.’ आतली काळी बी काढायची, टरफलं जराशी ठेचायची, कोमट पाण्यात ठेवायची आणि पाण्यासकट उकळत्या रशात सोडायची. मिक्सरला लावलीत की सगळं कडू. अशा वह्या वाटण्यापेक्षा पाकीट दिलेलं बरं.

खाडीकाठ: बी काढली असेल तर वाटूनही कडू होत नाही. आमच्या बांद्याकडे वाटतात. देवगड म्हणजे अख्खं कोकण नव्हे.

देवगडी: बंदरावर वाढलोय मी. मासे कसे करायचे ते बांद्याकडून शिकायची वेळ आलेली नाही. उद्या त्यात गरम मसालाही घालाल.

खाडीकाठ: जरा जपून बोला. माझी आजी डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची. तिच्या हातचं वाटलेलं तिरफळ खाऊन मोठा झालोय. तिला मासे कळत नव्हते म्हणता?

देवगडी: आजीबद्दल काही म्हटलेलं नाही. पाट्यावर हलक्या हाताने वाटलं तर चालतही असेल. मिक्सरला नाही म्हणजे नाही.

गुहागरची सून: एवढं भांडलात, पण बी काढायची हे दोघांनाही मान्य आहे. मावशींच्या वहीत ते लिहिलंय का?

वेंगुर्लेकर: नाही. तेवढं मान्य. मावशीला फोन करून लिहून घेतो. पण डोळ्यांना त्रास असताना तिने रोज दुपारी बसून ती वही लिहिली. त्याला कंजूसपणा म्हणणं मी ऐकून घेणार नाही.

गुहागरची सून: मग दुसरी प्रत भाचीच्या नवऱ्याच्या नावाने करा. तशी केलीत तर मी वहीच्या बाजूने.

देवगडी: आणि तिखल्यात चिंच लिहिली असेल तर तीही खोडा. सोलंच (कोकमंच) हवीत.