‘शौचालये दिली तरी मजूर वापरत नाहीत’ : या विधानाला उत्तर

ओळंबा
काल एका बांधकाम व्यावसायिकाने येथे लिहिले की, ‘आम्ही साइटवर शौचालये बांधून देतो, पण मजुरांना उघड्यावरच बसायची सवय, मग कायद्याचा बडगा आमच्यावरच का?’ हे वाचून राहवले नाही. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याचे कलम 33 सांगते की, शौचालये पुरेशी तर हवीतच, शिवाय कामगाराला कामाच्या जागी असेपर्यंत केव्हाही जाता येईल अशा सोयीच्या ठिकाणी हवीत. आता वाकड-हिंजवडीकडच्या एखाद्या 22 मजली इमारतीचे काम पाहा. पत्र्याची शौचालये फाटकापाशी, गिलावा करणारा अठराव्या मजल्यावर आणि होइस्ट सकाळभर विटा-सिमेंट वाहण्यात गुंतलेला. काम अंगावर घेतलेले, म्हणजे जेवढे काम तेवढीच मजुरी असेल, तर खाली जाऊन परत येण्याचा वेळ त्याच्याच मजुरीतून जातो. तो डक्टच्या कडेला बाटलीत उरकतो, याला सवय म्हणायचे?

रेतीमाप
कलमे चांगली पाठ केली आहेत आपण. मात्र तो कायदा नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहितेत विलीन झाला, हे आपल्या गावीही नसावे. मी लहान ठेकेदार आहे. मागच्या कामावर चार शौचालये उभी केली. पंधरवड्यात तोट्या गायब आणि भांड्यांत गुटख्याच्या पुड्या. मैला उपसणाऱ्या गाडीचे पैसे माझ्या खिशातून गेले, कारण निविदेत ‘तात्पुरत्या सोयी’ एवढ्या दोनच शब्दांत सगळे गुंडाळलेले असते. शिवाय बांधकाम खर्चावर 1 टक्का उपकर घेतला जातो, त्यातून सरकारने शौचालये का बांधू नयेत?

थापी
उपकराचे नाव काढलेत, तर ऐकाच. त्या पैशांतून बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ स्वयंपाकाच्या भांड्यांचे संच वाटते, पण संच मिळण्याआधी नोंदणी लागते आणि नोंदणीसाठी वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो देणार कोण? आपल्यासारखेच ठेकेदार. माझ्या भावाला एकाने सहीसाठी दोन महिने झुलवले आणि शेवटी ‘तू माझा माणूसच नाहीस’ असे सुनावले. नाक्यावरून उचलून आणलेल्या माणसाची हजेरीच वहीत नसेल, तर 25 माणसांमागे एक शौचालय हा हिशेब तुम्ही कोणत्या आकड्यावर करता?

रेतीमाप
सही केली की उद्या तोच माणूस भरपाईचा दावा लावतो, हे कधी भोगले आहे का? मंडळाच्या दारात दलालांची रांग लागते, त्याबद्दल मात्र आपण अवाक्षर काढत नाही.

थापी
दलाल बोकाळले ते सही सरळ मिळत नाही म्हणूनच. आधी हजेरीवही दाखवा, मग दलालांवर बोलू.

ओळंबा
दोघांनीही कृपया मूळ मुद्द्यावर यावे. उपकर कल्याणकारी योजनांसाठी आहे. शौचालयाची जबाबदारी कायद्याने काम देणाऱ्या मालकावरच टाकली होती. नव्या संहितेतही स्त्री, पुरुष आणि तृतीयपंथी कामगारांसाठी स्वतंत्र सोय सांगितली आहे. कायदा बदलला म्हणून आपली सुटका झाली, या भ्रमात राहू नका.

अबोली
मी साइट इंजिनिअर म्हणून काम केले आहे, म्हणून बायकांचे सांगते. आमच्याकडे त्यांच्यासाठी एक शौचालय होते. त्याच्या दाराची कडी तुटल्यावर कोणीतरी सळई बांधायच्या तारेचा आकडा करून लावला, तोही आतून धरून ठेवावा लागे. म्हणून एक आत गेली की दुसरी पाटी खाली ठेवून बाहेर उभी राही, आणि मुकादम दोघींना कामचुकार म्हणे. भर उन्हात बायका पाण्याला तोंड लावत नसत. लघवीची जळजळ तर कोणी आजारात धरतही नव्हते. त्याच आवारातल्या नमुना सदनिकेत गिझर, फ्लश सगळे होते, पण तिथे मजुरांना मज्जाव. तुमच्या चोरीला गेलेल्या तोटीबद्दल वाईट वाटते, रेतीमाप, पण त्या दाराला कडी बसवायला कोणती निविदा आड येत होती?

रेतीमाप
कडी बसवू, बाई. एवढी मोठी क्रांती माझ्या खिशाला झेपेल. पण अठराव्या मजल्यावरच्या गिलावेवाल्यासाठी दर पाच मजल्यांवर संडास हवा असेल, तर सांडपाणी काय हवेत सोडू?

ओळंबा
स्लॅबमागोमाग मलवाहिनीचा उभा पाइप वर चढतच असतो. खालचे जोडकाम आणि टाकी आधी पूर्ण केली, तर मधल्या मजल्यावर तात्पुरते भांडे त्याला जोडता येते. पाइप तुंबेल ही बिल्डरची भीती मला मान्य आहे, पण त्यासाठी एक सफाई कामगार नेमावा लागतो. खरी मेख त्या पगारापाशीच आहे.

रेतीमाप
तो पगार बिल्डरने देयकात धरला, तर दहाव्या मजल्यावर भांडे बसवून देतो. पदरमोड करून नाही.

थापी
म्हणजे कडी मंजूर झाली आणि भांडे विचाराधीन आहे. अभिनंदन! आता त्या सफाई कामगाराला 90 दिवसांचा दाखला कोण देणार, तेही येथेच लिहून टाका.