आधी हायग्रोमीटर तपासा
सिगार सारखी विझते, अर्ध्यावर कडू होते, म्हणून अख्खा बॉक्सच खराब, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. तंबाखूला नावं ठेवण्याआधी ह्युमिडॉरमधला (सिगार ठराविक ओलाव्यात ठेवायची पेटी) हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र, खरं सांगतोय का ते बघा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला (मीठ विरघळता कामा नये) आणि हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत दिवसभर ठेवा. काटा ७५ टक्क्यांवर यायला हवा.

माझा ६८ वरच थांबला! म्हणजे ७० समजून मी सिगार ७७ टक्क्यांत, फारच दमट ठेवत होतो. फरक धरून ६५ वर महिनाभर ठेवल्यावर त्याच बॉक्समधली सिगार सरळ जळली, राख बोटभर टिकली आणि भाजलेल्या कॉफीची चव पहिल्यांदाच जिभेवर आली.