गुरांच्या ढेकरांवर कार्बन क्रेडिट: खरी घट की कागदावरची?

रानमोडी: ऑस्ट्रेलियात २०११ला कार्बन फार्मिंगचा (शेतीतून हवेत जाणारे तापवणारे वायू कमी केले की त्याचं क्रेडिट देणारा) कायदा आला, पुढे त्यात मांसासाठी पाळलेल्या गुरांचीही एक पद्धत बसवली, आणि लोक तिच्यावर उगाच नाक मुरडतात म्हणून लिहितोय. चारापाणी सुधारा, जनावर लवकर वजनावर आणा, कमी वयात विका, भाकड गायी कळपातून काढा. जे जनावर दोन वर्षं जास्त जगतं ते दोन वर्षं जास्त ढेकर देतं, म्हणजे हवा तापवणारा मिथेन वायू जास्त सोडतं, एवढंच गणित. वाचलेल्या दर टनाला (कार्बन डायऑक्साइडच्या हिशेबात) एक क्रेडिट, ते विकून मालकाला पैसे. यात वाईट काय?

खवचट: गणित तिथेच गंडतंय. घट मोजतात जनावराच्या वजनाच्या किलोमागे. मोकळ्या झालेल्या कुरणात मालकाने अजून वासरं सोडली की एकूण मिथेन होता तेवढाच, वर क्रेडिट खिशात! आणि जनावर लवकर वाढावं असं कुठल्या मालकाला वाटत नाही? तो जे तसंही करणारच होता त्याचे पैसे कशाला?

रानमोडी: वाटून काय होतंय. हजारो हेक्टरला कुंपण घालायचं, पाण्याची सोय करायची, याला आधी भांडवल लागतं आणि एक दुष्काळ पडला की सगळं बारगळतं.

कुरणवाला: तुम्ही दोघं चाऱ्याबद्दल बोलतच नाही आहात. थ्री-एनओपी हे चाऱ्यात मिसळायचं रसायन किंवा अ‍ॅस्परागॉप्सिस हे लाल समुद्री शेवाळ, दोन्हीने मिथेन चांगलाच उतरतो, पण ते रोज पोटात जायला हवं, म्हणजे फीडलॉटमध्ये (गुरं कोंडून दाणा-चारा घालतात तिथे) ठीक, मोकळ्या रानात चरणाऱ्या गुराला रोज कोण भरवणार? मिथेन उतरवायला नायट्रेटची चाटण विटही आहे, पण जास्त चाटली तर विषबाधा होऊन जनावर दगावतं. त्यापेक्षा क्वीन्सलँडमध्ये सुबाभूळ लावतात ते बघा, वजन वाढतं, मिथेन घटतो, जमिनीला नत्र मिळतं. तिच्यातलं मिमोसीन हे विषारी द्रव्य गुरांना बाधायचं, त्यावर हवाईतल्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू आणून गुरांना दिले, भारीच डोकं! फक्त ओढ्याकाठी पसरली की आवरत नाही.

खवचट: सुबाभूळ मान्य, पण ते क्रेडिट विकत कोण घेतं तेही बघा. समजा एखाद्या गॅस कंपनीने आपल्या धुराची भरपाई म्हणून घेतलं. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, कंपनीचा कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन सुमारे २८ पट धरायचा आणि दोन्ही एका तागडीत टाकायचे, म्हणजे गाय सुधारली आणि चिमणी तशीच धूर ओकत राहिली.

रानमोडी: मग काय, गुरांच्या मिथेनवर टॅक्स? न्यूझीलंडचं बघितलं ना, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले आणि २०२४ला नव्या सरकारने बेत गुंडाळला.

खवचट: डेन्मार्क २०३०पासून लावतोयच की. आणि मी क्रेडिट बंद करा म्हणतच नाहीये, कळपाचा एकूण मिथेन खाली आला तरच द्या म्हणतोय. याला तुमची तयारी आहे का, ते सांगा.

रानमोडी: आहे, पण दुष्काळात निम्मी गुरं विकावी लागली तर त्यालाही घट धरून क्रेडिट देणार का?