मदत हवी आहे: नोकरी न सोडता नर्सिंगमध्ये ऑनलाईन डॉक्टरेट, शनिवारपर्यंत पैसे भरायचेत

नाईटड्युटी | बुधवार, पहाटे ३.४०

नमस्कार, लवकर उत्तर हवंय म्हणून सरळ विचारते. मला नर्सिंगमध्ये डॉक्टरेट करायचीय, पूर्ण ऑनलाईन, नोकरी चालू ठेवून. एका कंपनीची मुलगी पंधरा दिवस रोज फोन करतेय, दीड वर्षात होतं, एकदाही कुठे जावं लागत नाही, शेवटची तोंडी परीक्षापण लॅपटॉपवरच. फी ३.५ लाख, पण शनिवारी संध्याकाळपर्यंत २५,००० भरले तर ५०,००० सूट. ५,००० रजिस्ट्रेशनचे मी भरून बसलेय. कुणी केलंय का असं? नाईटमध्ये अभ्यास होतो का? घरी सासूबाई, मुलगी चौथीत, मिस्टर बोटीवर असतात, त्यामुळे मुंबई-पुणे फेऱ्या मला जमणार नाहीत. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा प्लीज, वेळ कमी आहे.

खाडीपलीकडे | बुधवार, सकाळी ७.१५

ताई, तुमचं शिक्षण कुठवर झालंय? जीएनएम, पोस्ट बेसिक की एमएससी? सरकारी नोकरी की खाजगी? विद्यापीठ कुठलं, इथलं की बाहेरचं? आणि डॉक्टरेट म्हणजे पीएचडी की डीएनपी? यातलं एकही तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं उत्तर त्यावरच आहे.

बापू_गुहागर | बुधवार, सकाळी ८.०२

ऑनलाईन शिक्षण म्हटलं की आधी नेट आणि लाईट. माझ्या पुतणीने घरून कोर्स केला तेव्हा मी सगळं बघितलंय. जून ते सप्टेंबर आमच्याकडे तारेवर झाड पडलं की दोन दोन दिवस लाईट नाही, टॉवरची बॅटरी चार तासांत उतरते, मग रेंजसाठी सड्यावर जाऊन उभं राहायचं. इन्व्हर्टर घ्या, राऊटर त्यावरच जोडा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा आणि लॅपटॉप १६ जीबी रॅमचा असला तर बरा. गाव कुठलं ते सांगितलंत तर तिथे कुठली रेंज चांगली तेही सांगतो.

ब्रदर_अलिबाग | बुधवार, सकाळी ९.३०

डॉक्टरेटमध्ये ३.५ लाख घालण्यापेक्षा जर्मन शिका. मी बी-२ करतोय, ती लेव्हल आणि डिग्रीची मान्यता झाली की तिकडे रजिस्टर्ड नर्स म्हणून लागता येतं. इथे डॉक्टरेट करून वॉर्डमध्ये सलाईनच लावायचंय ना, पगारात काय फरक पडणार? आमच्या बॅचचे तिघं गेले, तिघंही सुखात आहेत.

नाईटड्युटी | बुधवार, दुपारी २.५०

मला परदेशात जायचंच नाहीये, ते मी विचारलेलंच नाही. लॅपटॉप आहे. विद्यापीठ बाहेरच्या देशातलं आहे, नाव ॲडमिशन कन्फर्म झाल्यावर कळवतात म्हणाली. ब्रोशरवर नुसतं 'डॉक्टरेट इन नर्सिंग' लिहिलंय, पीएचडी आणि ते दुसरं, यात फरक असतो का? नोकरी खाजगी, ट्रस्टचं हॉस्पिटल.

दर्या_सावंतवाडी | बुधवार, दुपारी ३.०५

गो बाय, पैशे भरू नको. विद्यापीठाचा नाव पैसे घेतल्यावर सांगतत? आंबो बघल्याशिवाय पेटी कोण घेता काय?

टेक्सासकर_चिपळूण | बुधवार, संध्याकाळी ७.४०

मी अमेरिकेत डीएनपी केलंय, नोकरी करून आणि बऱ्यापैकी ऑनलाईन, म्हणून सविस्तर लिहिते. पीएचडी ही संशोधनाची पदवी, प्रबंध लिहायचा, नवं ज्ञान काढायचं. डीएनपी म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस, ती प्रत्यक्ष रुग्णसेवेची. त्यात प्रबंधाऐवजी आपल्याच हॉस्पिटलमध्ये एखादी सुधारणा करून दाखवायचा प्रोजेक्ट असतो. २००४ मध्ये इथल्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने ठराव केला की ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्सची तयारी २०१५ पर्यंत डीएनपीवर न्यायची, त्यानंतर हे कोर्स भराभर निघाले.

पण 'ऑनलाईन'चा अर्थ नीट समजून घ्या. लेक्चर, असाइनमेंट, चर्चा ऑनलाईन. माझ्या वेळी बीएससीनंतरचे धरून किमान १००० तास प्रत्यक्ष देखरेखीखाली भरावे लागायचे, आणि ते खऱ्या हॉस्पिटलात, प्रिसेप्टरच्या म्हणजे तिथल्या अनुभवी मार्गदर्शकाच्या हाताखाली. माझे त्यातले शेवटचे तास भरताना मी आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट करायचे आणि उरलेल्या दिवसांतले दोन दिवस क्लिनिक, नवरा आणि आई होती म्हणून निभावलं. प्रवेशासाठी साधारणपणे इथलं आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स लागतं, म्हणजे आधी एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा. आणि कोर्सला सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का ते आधी बघायचं असतं. लायसन्स नाही, क्लिनिकल तास नाहीत आणि दीड वर्षात घरबसल्या पदवी, असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर ती मी केली ती पदवी नव्हे.

खाडीपलीकडे | बुधवार, रात्री ९.१०

टेक्सासकरांनी तिकडचं सांगितलं, मी इकडचं सांगतो. मी कॉलेजात शिकवतो, माझी स्वतःची पीएचडी पार्ट टाईम चालू आहे.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएचडीचे नियम नोव्हेंबर २०२२ ला आले. त्यात साफ लिहिलंय की पीएचडी दूरस्थ किंवा ऑनलाईन पद्धतीने करता येणार नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात यूजीसी आणि एआयसीटीईने (तंत्रशिक्षण परिषदेने) मिळून जाहीर सूचना काढली होती, परदेशी संस्थांशी टायअप दाखवून एडटेक कंपन्या ऑनलाईन पीएचडी विकतात त्यांना भुलू नका, त्या पदव्यांना मान्यता नाही. तुमची केस शब्दशः तीच आहे.

पण पार्ट टाईम पीएचडीला त्याच नियमांत परवानगी आहे आणि हे त्या फोनवाल्या मुलीने तुम्हाला सांगितलं नसणार. किमान तीन वर्षं, कमाल सहा, पुन्हा नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सवलत. एंट्रन्स, किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क, दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवायची. एमएससीला ५५ टक्के हवेत. म्हणून परत विचारतो, एमएससी झालंय का?

नाईटड्युटी | गुरुवार, पहाटे ४.१५

हो झालंय, २०१७ ला, मेडिकल सर्जिकल, ६२ टक्के. मला वाटलं डॉक्टरेट म्हटल्यावर एमएससी आहे हे कळेलच.

आणि 'कशाला करायची' विचारणाऱ्यांसाठी लिहिते. जुलैमध्ये आमच्या वॉर्डात भातलावणीच्या बायका येतात. ताप, पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल, आणि लघवी कमी झाली की मगच घरचे आणतात. पाचव्या सहाव्या दिवशी. तोवर 'भिजल्याचा ताप' म्हणून काढा नाहीतर दुकानातली गोळी. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) आहे हे आम्हाला दारातच दिसतं. मी चार पावसाळे एका डायरीत लिहून ठेवलंय, ताप कधी आला, इथे कधी आली, मधे कुठे कुठे गेली, पायाला भेगा किंवा कापलेलं होतं का, आणि घरून निघायला कुणी का थांबवलं. वॉर्डचं छप्पर गळतं म्हणून ती डायरी दुधाच्या पिशवीत घालून औषधांच्या कपाटात ठेवते. मागच्या वर्षी एक माझ्याच वयाची गेली. तरवा (भाताची रोपं) काढायचा राहिला म्हणून दोन दिवस थांबली होती, हे तिच्या जावेने मला सांगितलं आणि मी ते लिहिलं. राऊंडला मी हे बोलले तर सर म्हणतात सिस्टर छान निरीक्षण आहे, आणि पुढच्या बेडवर जातात. मला हे कुणीतरी नीट ऐकून घेईल अशा जागी मांडायचंय. त्यासाठी हवीय मला डॉक्टरेट.

मेट्रन_निवृत्त | गुरुवार, सकाळी ६.५०

बाळ, तुझं वाचून मन भरून आलं, पण वस्तुस्थिती ऐक. आपल्याकडे बेडसाईडला पीएचडीची पोस्टच नाही. फायदा होतो तो कॉलेजात, तिथेही प्रिन्सिपलला एमएससी आणि १५ वर्षं अनुभव लागतो, त्यातली १२ शिकवण्याची, पीएचडी असल्यास उत्तम एवढंच. तुझी वॉर्डातली वर्षं शिकवण्यात धरत नाहीत. तू आधी ट्युटर म्हणून लाग. मी ३४ वर्षं काढली, माझ्या हाताखालच्या हुशार मुली वॉर्डात झिजलेल्या पाहिल्यात.

ब्रदर_अलिबाग | गुरुवार, सकाळी १०.२०

मेट्रन मॅडम, तेच मी म्हणत होतो तर माझ्यावर सगळे घसरले. आणि नावापुढे डॉक्टर लावलं तर वॉर्डातले डॉक्टर चालवून घेतील का? पेशंटचा गोंधळ होईल तो वेगळा.

टेक्सासकर_चिपळूण | गुरुवार, सकाळी ११.००

गोंधळ होऊ नये म्हणून मी पेशंटला पहिल्याच वाक्यात सांगते की मी नर्स आहे. दोन सेकंद लागतात. पदवी कमावलेली असेल तर ती लपवायची कशासाठी? आणि मॅडम, आदर ठेवून सांगते, हुशार मुलींनी वॉर्ड सोडावा हाच सल्ला प्रत्येक पिढीत दिला म्हणूनच वॉर्डातला अभ्यास कुणी केला नाही.

मेट्रन_निवृत्त | गुरुवार, सकाळी ११.४०

तिकडे बसून बोलणं वेगळं. इथे एका नर्सकडे तीस पेशंट असतात तेव्हा अभ्यास कधी करायचा ते सांग.

दर्या_सावंतवाडी | गुरुवार, दुपारी १२.३०

भांडा नको. महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी काय केलं ते आठवा. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लाल विंचू चावून पोरं जायची, त्यांनी एकेका पेशंटशेजारी बसून नोंदी ठेवल्या, त्यातून प्राझोसिनचा उपचार उभा राहिला, लॅन्सेटमध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. सुरुवात कोकणातल्या वहीतूनच झाली होती. आमच्याकडे दोडामार्ग-बांद्याला माकडताप आला तेव्हासुद्धा काजूच्या बागेत जाणाऱ्या बायका आधी कुणाला काय सांगतात हे त्यांच्याशी बोलणाऱ्या सिस्टरनाच ठाऊक होतं. ताईची डायरी वाया जाता कामा नये.

बापू_गुहागर | गुरुवार, दुपारी १.१५

डायरी प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट हवेत आतल्या आत बुरशी धरते. सिलिका जेलची पुडी टाका आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

टेक्सासकर_चिपळूण | गुरुवार, दुपारी १.४०

थांबा, फोटो काढण्याआधी एक प्रश्न. त्यात पेशंटची नावं आहेत का?

नाईटड्युटी | गुरुवार, दुपारी ३.३०

नावं नाहीत, आयपीडी नंबर (भरती झाल्यावर पेशंटला मिळतो तो) आणि गाव आहे. आणि एका नर्सकडे तीस हे खरंय, मॅडमचं चुकीचं नाही.

टेक्सासकर_चिपळूण | गुरुवार, दुपारी ३.५५

आयपीडी नंबरवरून माणूस सापडतो, आणि छोट्या गावात तर नुसत्या गावाच्या नावावरूनही. ती पानं कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, कंपनीलाही पाठवू नका. आणि जुना डेटा थेट प्रबंधात वापरता येणार नाही, बायकांची संमती घेतलेली नाही.

खाडीपलीकडे | गुरुवार, रात्री ८.४५

अगदीच येणार नाही असं नाही हो. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यानुसार ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी एथिक्स कमिटी संमतीची अट शिथिल करू शकते. पण ते कमिटीने ठरवायचं, आपण नाही. माझ्या मते डायरी हा तुमचा प्रश्न कुठून आला त्याचा पुरावा, आणि अभ्यास नव्याने, परवानगी घेऊन, पुढच्या पावसाळ्यांत करायचा. 'तापाच्या पहिल्या दिवसापासून हॉस्पिटलच्या दारापर्यंत' किती दिवस जातात आणि कुणामुळे जातात, हा विषय डॉक्टरांच्या नाही, नर्सच्या हातचा आहे.

आता करायचं काय ते सांगतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या साईटवर पीएचडीची पेट ही प्रवेश परीक्षा, संशोधन केंद्रं आणि गाईडची यादी बघा. गाईडकडे किती जागा रिकाम्या आहेत ते फोन करून विचारा, सगळ्यांची गाडी तिथेच अडते. कोर्सवर्कला किती दिवस प्रत्यक्ष यावं लागेल तेही केंद्रालाच विचारा, थोडं जावं लागणार हे धरून चला, सासूबाईंशी आत्ताच बोला. शोधगंगावर नर्सिंगचे प्रबंध फुकट वाचता येतात, लेप्टोस्पायरोसिस टाकून शोधा म्हणजे कुणी काय केलंय ते कळेल. आणि सगळ्यात आधी हॉस्पिटलचं एनओसी. त्यात तीन गोष्टी हव्यात: पार्ट टाईम करायला परवानगी आहे, ड्युटी सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी सोडलं जाईल. नुसतं 'आमची हरकत नाही' लिहिलेलं पत्र परत येतं, माझं आलं होतं, एक वर्ष गेलं त्यात.

नाईटड्युटी | शुक्रवार, रात्री १०.२०

तिला आज फोन केला. यूजीसीची सूचना वाचून दाखवली, विद्यापीठाचं नाव आणि मान्यतेचं पत्र मागितलं. आधी म्हणाली मॅडम ही ग्लोबल डिग्री आहे, यूजीसी लागत नाही. मग सिनियरला दिलं, तो म्हणाला निगेटिव्ह लोकांचं ऐकू नका, सूट रविवारपर्यंत वाढवतो. २५,००० भरत नाहीये. ५,००० परत मागितलेत, नॉन-रिफंडेबल म्हणतात, मेल टाकलाय.

इनचार्जबरोबर जाऊन आमच्या मेट्रनना भेटले. पहिल्या दोन गोष्टी द्यायला ॲडमिन तयार आहे. तिसरीला अडलंय, कोर्सवर्कला सोडलं तर वॉर्डात बदली कोण देणार. माझी जोडीदार सिस्टर म्हणाली माझे ऑफ तुला देते आणि तू परत आल्यावर माझ्या नाईट तू कर, असा हिशोब लिहून द्यायचा का आम्ही दोघींनी मिळून? असं कुणी दिलंय का? खाडीपलीकडे सर, तुमच्या दुसऱ्या पत्रातला तिसऱ्या मुद्द्याचा मजकूर नावं काढून इथे टाकाल का? सोमवारी सकाळी ॲडमिनकडे जायचंय, त्याआधी मिळाला तर बरं.

खाडीपलीकडे | शुक्रवार, रात्री ११.०५

जोडीदारीणीचा हिशोब आपसात ठेवा, पत्रात नको, तिची बदली झाली तर तुमचं पत्रच लटकेल. पत्रात असं घाला: "सदर कर्मचाऱ्यास पीएचडी कोर्सवर्क पूर्ण करण्यासाठी आवश्यकता भासल्यास कर्तव्यातून मुक्त करण्यात येईल." एवढंच. दिवसांची संख्या लिहू नका, ती रजेच्या अर्जात येते.

मेट्रन_निवृत्त | शनिवार, सकाळी ६.१५

ॲडमिनला सांग, जुलै-ऑगस्ट सोडून सुट्टी मागेन, पावसात मी वॉर्डातच असणार. तुझा अभ्यासच पावसातला आहे, तुला तसंही तेव्हा तिथेच थांबायचंय. हे ऐकलं की ते सही करतील, मीही केली असती.