चित्रवही शाळेच्या वेळापत्रकात असावी का?

पूर्वभागातील शिक्षिका (चर्चेची सुरुवात)
सोलापूरच्या पूर्वभागात मी प्राथमिक वर्गांना शिकवते. आमच्याकडील कित्येक मुलांच्या घरी तेलुगू बोलली जाते, काहींच्या घरी कन्नड किंवा उर्दू. तरीही रुसवा, भीती, मत्सर हे सारे त्यांनी शाळेत नेटक्या मराठीत सांगावे, अशी आपली अपेक्षा असते. म्हणून तिसरी ते सातवीच्या प्रत्येक मुलाने स्वतःची चित्रवही तयार करावी आणि आठवड्यातील एक तास तिच्यासाठी राखून ठेवावा, असे मला वाटते. वही विकत आणू नये. जुन्या कॅलेंडरची पाने दुमडून सुई-दोऱ्याने शिवावीत आणि टॉवेल कारखान्यातील चिंध्यांचे वेष्टन चढवावे, कारण स्वतः शिवलेल्या वहीवर मूल हक्क सांगते. आत चित्र असो, कातरणे असोत, रंगाचे नुसते फराटे असोत किंवा कोणत्याही भाषेतील दोन शब्द; गुण नाहीत आणि शुद्धलेखनाची तपासणी नाही.

निवृत्त कलाशिक्षक
मॅडम, हेतूबद्दल शंका नाही. मात्र वेळापत्रकात शिरलेली गोष्ट तपासणीवाचून राहत नाही, हा माझा अनुभव आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी मी वर्षानुवर्षे करून घेतली. दहावीच्या वाढीव गुणांचा विषय निघाला की पालक चित्राकडे कोणत्या नजरेने पाहू लागतात, हे मी जवळून पाहिले आहे. उद्या चित्रवह्यांचे प्रदर्शन भरेल, उत्कृष्ट वहीला बक्षीस मिळेल, आणि मुले परीक्षकांना आवडेल असे दुःख रंगवू लागतील.

दुसरा धोका अर्थ लावण्याचा आहे. पानभर काळा रंग दिसला की मोठी माणसे घाबरतात, पण पुष्कळदा पेटीतील निळा खडू संपलेला असतो, एवढेच त्याचे कारण असते. एकट्या चित्रावरून मुलाचे मन ओळखण्याची खात्रीलायक पद्धत अस्तित्वात नाही.

समुपदेशक
सरांच्या पुढे जाऊन मी मूळ गृहीतकालाच हरकत घेते. मनातील दुःख कागदावर उतरवले की ते हलके होते, हे आपण धरून चालतो. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांनी ६ ते १२ वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मुलांना एखादा निराशेचा प्रसंग आठवण्यास सांगितले होते. नंतर ज्यांनी तोच प्रसंग चितारला, त्यांच्यापेक्षा ज्यांनी भलतेच काहीतरी काढले, त्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. हा परिणाम तात्पुरता मोजलेला आहे, हे मान्य. तरी ‘आज वाईट का वाटले ते काढा’ असे सांगणाऱ्या शिक्षकाने थबकावे, एवढे बळ त्यात निश्चित आहे.

चित्रकार फ्रिडल डिकर-ब्रँडाइस यांचे उदाहरणही येथे लागू पडते. १९४२ ते १९४४ या काळात तेरेझिनच्या नाझी बंदिवासात त्यांनी मुलांना चित्रकला शिकवली आणि सुमारे साडेचार हजार चित्रे मागे राहिली. छळाचीच चित्रे काढा, असा त्यांचा आग्रह नसे. त्या रेषा, लय, रंग आणि समोरची वस्तू यांचे पाठ देत. मुलाने काय सांगावे हे आपण ठरवू नये. फुलपाखरूच काढायचे असेल, तर तेही पुरेसे आहे.

विडी घरकुल या कामगार वसाहतीतील एक पालक
दोन खोल्यांच्या घरात वही ठेवायची कुठे? धाकटा फाडेल, आजी उघडून पाहील, शेजारीण हसेल. माझ्या मुलीने एकदा वडिलांचे चित्र काढले होते, त्यावर घरात दोन दिवस वाद झाला. वही करायचीच असेल तर ती शाळेच्या कपाटातच राहावी.

पूर्वभागातील शिक्षिका
कपाटाची सूचना मी स्वीकारते आणि समुपदेशक ताईंचा मुद्दाही. विषय देणार नाही. प्रदर्शन होणार नाही, हे मुख्याध्यापकांकडून आधीच लेखी घेता येईल. जे पान कोणी पाहू नये असे मुलाला वाटते, ते त्याने खळ लावून चिकटवून टाकावे; मी ते उघडणार नाही. मात्र तास रद्द करणे मला पटत नाही. बोलण्यास अडखळणारे मूल चित्र दाखवताना हाताच्या बोटाने खुणा करत पुष्कळ काही सांगून जाते, आणि तेव्हा ‘हे कोण?’ एवढाच प्रश्न पुरतो.

निवृत्त कलाशिक्षक
चिकटवलेले पान उघडणार नाही, हे वचन आपण देऊ शकता का? २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याची शक्यता असल्याचे समजले, तर ते कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि तसे कळवलेच पाहिजे. म्हणजे ही वही पूर्णपणे मुलाची नाही. मग पहिल्याच तासाला, सुई-दोरा हाती देण्यापूर्वी, मुलांना स्पष्ट सांगावे लागेल: तुम्ही दाखवले नाही तर मी पाहणार नाही; पण कोणी तुम्हाला इजा करत असल्याचे दाखवलेत, तर मी गप्प बसणार नाही, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा दूरध्वनी क्रमांक फळ्यावर कायम लिहिलेला असेल. एवढे सांगायची आपल्या शाळेची तयारी असेल, तर माझा विरोध फक्त प्रदर्शनापुरता उरतो.